पांढऱ्या बुटांची साक्ष

अफगाणिस्तानातील युद्धाच्या वार्तांकनात ‘चीता’ या बुटाला एखाद्या पात्राइतके महत्त्व मिळाले आहे. पाकिस्तानातील ‘सर्व्हिस’ या कंपनीचा हा घोटा झाकणारा, बहुधा पांढरा, स्वस्त बूट. तालिबानी लढवय्यांच्या पायांत तो इतका दिसला की, पाश्चात्त्य वार्ताहरांनी त्याला त्यांची ओळखखूणच ठरवले. हे वाचन मला अपुरे वाटते.

नियमित सैन्याच्या जोड्यामागे कंत्राट, कोठार आणि पुरवठ्याची साखळी उभी असते. डोंगरात पायी लढणाऱ्या बंडखोराला जवळच्या बाजारात मिळेल, चढउतारावर घोटा सांभाळेल आणि फाटल्यास सहज बदलता येईल असा जोडा लागतो. व्हिएतनाममधील गनिमांनी अशाच गरजेपोटी जुन्या टायरच्या चपला वापरल्या. परंतु त्या चपला तिथल्या शेतकऱ्यांच्याही पायांत होत्या. ‘चीता’ही तसाच. तो सरकारी सैनिकांनी घातला, पोलिसांनी घातला, लढाईशी संबंध नसलेल्या तरुणांनीही घातला.

लढणारा आणि न लढणारा एकाच दुकानातून खरेदी करतात, तेव्हा वस्तूवरून माणसाची बाजू ओळखता येत नाही. वार्तापत्रात असा तर्क चटकदार वाटतो. तपासणी नाक्यावर तोच एखाद्या पोराच्या जिवावर बेतू शकतो. म्हणून या बुटाकडे पाहताना मी आधी त्याची किंमत, तिथली वाट आणि सीमेपलीकडून येणारा माल पाहतो. त्याची साक्ष मला तेवढ्यापुरतीच ग्राह्य वाटते.