ताण मोजायचा, पण कुणाच्या व्याख्येने?

सिनॉप्सिसमध्ये 'ताण' हा चल घेतला की आपण बहुतेक जण आधी प्रश्नावली शोधतो आणि तिला शोभेल अशी व्याख्या नंतर. मीही तेच केलं होतं. गुरमीत सिंग आणि सहकाऱ्यांची १९८४ची 'प्रिझम्प्टिव्ह स्ट्रेसफुल लाइफ इव्हेंट्स स्केल' घेतली. ५१ घटना, प्रत्येकीला ठरलेले गुण.

ही मापनी टाकाऊ अजिबात नाही. होम्स आणि राहे यांच्या १९६७च्या ४३ घटनांच्या यादीत ख्रिसमसला १२ गुण होते; ती यादी इथे काय कामाची? सिंग यांनी मुलगा नसणं, सासरच्यांशी वाद, तीर्थयात्रा असं आपलं जगणं आणलं. जोडीदाराचा मृत्यू ९५, मालमत्तेचं किंवा पिकाचं नुकसान ६१, आर्थिक नुकसान ५४.

आता निफाडला या. ८ डिसेंबर २०२३पासून केंद्राने कांदा निर्यातीवर बंदी घातली, लासलगावला भाव कोसळले. मामाचं पीक ठणठणीत होतं, म्हणजे ६१ नाहीत, ५४ द्यायचे. लाल कांदा टिकत नाही, मिळेल त्या भावात विकावाच लागतो. शेजाऱ्याचंही तेच झालं, पण त्याच्या घरात एक पगार येतो. त्यालाही ५४! कारण हे गुण म्हणजे दुसऱ्याच लोकांनी दिलेल्या अंदाजांची सरासरी. नावातच 'गृहीत' आहे, आपण ते वाचत नाही.

गंमत म्हणजे त्याच १९८४ साली लाझारस आणि फोकमन यांचं पुस्तक आलं. त्यांच्या मते ताण घटनेत नसतो. माझं काय पणाला लागलंय आणि माझ्या हातात काय आहे, या मूल्यमापनात असतो. मामा आणि शेजारी यांतला फरक इथे दिसतो. मग कोहेन यांची १९८३ची 'पर्सीव्ह्ड स्ट्रेस स्केल' घ्यावी का? ती विचारते, गेल्या महिन्यात महत्त्वाच्या गोष्टी आपल्या हातात नाहीत असं किती वेळा वाटलं? मामा म्हणणार, रोज. पण भाव खरोखरच त्याच्या हातात नाही. आपण मात्र त्याला 'जाणवलेला ताण' म्हणतो आणि शेवटच्या प्रकरणात शिफारस ठोकतो: शेतकऱ्यांसाठी योग व समुपदेशन. लाझारस यांनी साधनांबद्दलही लिहिलंय, ती पानं आपण सोडून देतो.

मी शेवटी कोहेन यांची मापनी ठेवली आणि सोबत दोन साधे प्रश्न जोडले: माल किती दिवस थांबू शकतो, आणि घरात दुसरं उत्पन्न आहे का.