रक्तात सापडलं, म्हणून मेंदूत आहे का? सायकोसिसवरच्या एका पेपरचं शेवटचं वाक्य

पीएचडीच्या मुलाखतीत एक प्रश्न हमखास येतो: "या पेपरच्या निष्कर्षाशी तुम्ही सहमत आहात का?" बहुतेकजण पेपरचा सारांश सांगतात आणि गप्प बसतात. पण विचारणाऱ्याला सारांश नको असतो. लेखकांनी जे मोजलं तेवढ्यावरून ते जे म्हणतायत ते म्हणता येतं का, हे त्याला हवं असतं. आज एका चांगल्या पेपरवर ही सवय करून बघू.

आधी थोडी पार्श्वभूमी. २००७ साली जोसेप दालमाऊ आणि सहकाऱ्यांनी एका आजाराचं कारण दाखवलं. एखाद्या तरुण मुलीला अचानक भास होतात, ती संशय घेते, विचित्र वागते. पुढे फिट्स येतात, हालचाली बिघडतात, शुद्ध हरपते. यामागे असतात तिच्याच शरीराने मेंदूतल्या एनएमडीए रिसेप्टरविरुद्ध बनवलेल्या अँटीबॉडी. स्टिरॉइड, इम्युनोग्लोब्युलिन असे उपचार वेळेत मिळाले तर यातले बरेच रुग्ण सुधारतात. साहजिकच प्रश्न आला: ज्यांच्यावर स्किझोफ्रेनियाचा शिक्का बसलाय, त्यांच्यात असे किती लपलेले असतील?

२०१७ साली लॅन्सेट सायकिअॅट्रीमध्ये बेलिंडा लेनॉक्स आणि सहकाऱ्यांनी याचं उत्तर शोधलं. इंग्लंडमधल्या, सायकोसिसचा पहिलाच झटका आलेल्या २२८ जणांचं रक्त तपासलं. ७ जणांत, म्हणजे ३ टक्के लोकांत, एनएमडीए रिसेप्टरच्या अँटीबॉडी सापडल्या. तुलनेच्या १०५ निरोगी लोकांत एकही नाही. लक्षणांवरून या ७ जणांना बाकीच्यांपासून वेगळं ओळखता येत नव्हतं. म्हणून लेखकांचा सूर असा की, पहिला झटका आलेल्या प्रत्येकाची तपासणी हाच अशा रुग्णांना शोधायचा मार्ग आहे.

पेपरची जमेची बाजू मोठी आहे. रुग्ण आजाराच्या सुरुवातीचे आहेत, त्यामुळे वर्षानुवर्षांच्या औषधांचा गोंधळ नाही, आणि तुलनेचा गटही आहे. पण आता तीन गोष्टी बघा.

पहिली, नमुना कशाचा घेतला? रक्ताचा. आजार मात्र मेंदूतला. मेंदू आणि मज्जारज्जूभोवती जो द्रव असतो, सीएसएफ, तो काढायला कमरेत दोन मणक्यांमधून सुई घालावी लागते. आपल्याकडे याला 'पाठीतलं पाणी काढणं' म्हणतात. या आजारात अँटीबॉडी मेंदूच्या आवरणाच्या आतच तयार होऊ शकतात, म्हणून रक्त आणि पाणी एकच उत्तर देतील असं धरून चालत नाही. २०१४ साली लॅन्सेट न्यूरॉलॉजीत हा आजार असलेल्या २५० रुग्णांचे दोन्ही नमुने ताडून पाहिले गेले. पाण्यात सगळ्यांच्या अँटीबॉडी सापडल्या, रक्तात फक्त २१४ जणांच्या. म्हणजे सातातला एक जण रक्ताच्या तपासणीतून निसटला. हा १०० टक्क्यांचा आकडाही जपून वाचा. हे सगळे आधीच एन्सेफलायटिसचं निदान झालेले रुग्ण होते. नुसता सायकोसिस असलेल्यांना तो आकडा जसाच्या तसा लावता येत नाही.

उलट बाजूही आहे. २०१४ मध्येच दुसऱ्या एका गटाने ४ हजारांहून जास्त लोकांचं रक्त तपासलं, तेव्हा अशा अँटीबॉडी निरोगी माणसांतही सापडल्या. त्यातल्या बऱ्याच आयजीए आणि आयजीएम वर्गातल्या होत्या. एन्सेफलायटिसशी ज्यांचं नातं पक्कं आहे त्या आयजीजी. अँटीबॉडी 'सापडली' असं वाचलं की लगेच विचारा: कुठे, आणि कोणत्या वर्गातली?

दुसरी गोष्ट, शून्याचा अर्थ. १०५ पैकी ० म्हणजे निरोगी लोकांत त्या नसतातच, असं नाही. एक सोपा हिशोब लक्षात ठेवा: n जणांत एकही सापडला नाही तर खरं प्रमाण ३ भागिले n इतकं असू शकतं. इथे ३ भागिले १०५, जवळपास ३ टक्के. रुग्णांतल्या ७ जणांचा विश्वासांतर साधारण १ ते ६ टक्के. फरक असू शकतो, पण '३ विरुद्ध ०' ऐकताना जितका पक्का वाटतो तितका नाही.

तिसरी गोष्ट, मग सरळ पाणीच का तपासलं नाही? ज्याला सगळेच आपल्याविरुद्ध कट करतायत असं वाटतंय, त्याच्याकडे पाठीत सुई घालायची परवानगी मागायची! शिवाय नंतर काहींना काही दिवस डोकं दुखतं. म्हणून पाण्यावरचे बरेच अभ्यास अशा रुग्णालयांतून येतात जिथे ही तपासणी आधीच झालेली असते, आणि ती कुणाची करायची हे डॉक्टरांनी ठरवलेलं असतं. तुलनेला निरोगी माणसं मिळणंही अवघड. २०१८ मध्ये म्युनिकच्या गटाने स्किझोफ्रेनिया वर्गातल्या आजारांच्या रुग्णांचं पाणी तपासलं, त्यात अशा अँटीबॉडी मिळाल्या नाहीत. पण तिथेही रुग्ण कसे निवडले हे विचारा, आणि तिथल्या शून्यालाही वरचाच हिशोब लावा.

माझं मत असं: सायकोसिसच्या काही रुग्णांच्या रक्तात या अँटीबॉडी असतात, इथपर्यंत हा पेपर भक्कम आहे. 'सगळ्यांची तपासणी करा' इथे तो आपल्या पुराव्याच्या पुढे जातो. तपासणी सुचवायची तर पॉझिटिव्ह आलेल्यांच्या पाण्यात काय दिसलं आणि उपचाराने त्यांना फरक पडला का, हे हवं. २०२० च्या आंतरराष्ट्रीय सहमतीने यावर मधली वाट काढली. लक्षणं तीन महिन्यांच्या आत झपाट्याने वाढली आणि सोबत फिट्स, हालचालींतला बिघाड, शुद्ध कमी होणं अशी धोक्याची खूण असली, तर पुढे तपासा. पक्क्या निदानासाठी नुसत्या रक्तावर थांबू नका.

हे वाद वर्गातले वाटतील, पण चूक दोन्हीकडून महाग पडते. निगेटिव्ह रक्तावर विसंबलात तर बरी होऊ शकणारी मुलगी वर्षानुवर्षं चुकीच्या औषधांवर राहते. पॉझिटिव्ह रक्तावर विसंबलात तर ज्याला गरज नाही त्याची प्रतिकारशक्ती दाबली जाते.

तेव्हा पुढचा पेपर हातात घ्याल तेव्हा वहीत चार ओळी लिहा: नमुना कशाचा, कितीपैकी किती, कोणाची निवड कोणी केली, आणि शेवटचं वाक्य यातल्या कशावर उभं आहे. चौथी ओळ लिहिता आली नाही, तर मुलाखतीत बोलायचा मुद्दा तोच.