माळरान आणि मराठी निसर्गलेखन

मराठी निसर्गलेखनाची चर्चा निघाली की प्रथम अरण्य आठवते, मग सागरतीर, मग सह्याद्रीचे कडे. माळरान आठवलेच, तर ‘ओसाड’, ‘भकास’ अशा विशेषणांसह. ही विशेषणे भूमीचे वर्णन करीत नाहीत. पाहणाराची मनःस्थिती सांगतात. वाङ्मयापुरती ही सवय निरुपद्रवी वाटेल. परंतु महसुली दप्तरातील ‘पडीक’ हा शब्द तिचाच सख्खा भाऊ होय. त्या सदरात जमीन गेली की तीवर कोण राहत होते, हे कोणी विचारीत नाही.

इंदूरच्या वाचकाला उदाहरण दूर शोधावयास नको. धार जिल्ह्यात सरदारपूर व रतलाम जिल्ह्यात सैलाना येथे 1983 साली खरमोरासाठी अभयारण्ये झाली. नाव अभयारण्य असले, तरी तेथे राखावयाचे ते गवत. माळव्याच्या काळ्या खडकावर जेथे माती खोल, तेथे पिके आली, आणि गेल्या अर्धशतकात सोयाबीन; जेथे ती उथळ व मुरमाड, तेथे गवत टिकले. पावसाळ्यात खरमोराचा नर त्या गवतातून पुनःपुन्हा उंच उसळी घेतो, ती मादीच्या दृष्टीस पडावे म्हणून. दाट झाडीत ही उसळी व्यर्थ जाती. गवत नसते, तर अंड्यांना आडोसा नसता. भूमीचा सपाटपणा व मातीचा उथळपणा यांना आपण उणीव समजतो. या पक्ष्याचा संसार त्यांच्यावरच उभा आहे. 2021 पासून तो जगात अतिसंकटग्रस्त गणला जातो.

मराठीत खरमोराला तणमोर म्हणतात आणि त्याच्या थोरल्या भाईबंदाला माळढोक. तण आणि माळ! नावातच पत्ता दिलेला आहे. बोलीने जे सहज ओळखले, ते ललित लेखणीने किती टिपले?

दुर्गाबाई भागवत या इंदूरात जन्मलेल्या. त्यांच्या ‘ऋतुचक्रा’चा (1956) नायक मात्र काळ आहे, स्थळ नव्हे, ती त्या ग्रंथाची प्रतिज्ञाच असल्याने दोष देता येत नाही. मारुती चितमपल्ली सोलापूरचे. त्याच सोलापूरजवळ नान्नजच्या माळावर 1979 साली माळढोकासाठी अभयारण्य झाले. चितमपल्लींनी ‘पक्षिकोशा’त नावांचे धन साठविले खरे, पण त्यांची लेखणी रमली ती नवेगावबांध व मेळघाटच्या वनांत. व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ (1955) हाच काय तो ठळक अपवाद. तेथे माळ ही पार्श्वभूमी नाही. पाऊस हुकला की मेंढरे, माणसे आणि गाव यांचे काय होते, याचा तो हिशेब आहे. तरीही तो माळ माणसांचा. पाखरांचा माळ मराठीत अद्याप लिहावयाचाच राहिला आहे.

ललित लेखकाकडून प्राणिशास्त्र मागावे काय, असा आक्षेप येईल. मागू नये, विशेषण वापरण्यापूर्वी पाहणे मात्र मागता येते. आमच्या पाठ्यपुस्तकांतून निसर्गप्रेम म्हणजे वृक्षप्रेम असे समीकरण दृढ झाले आहे. त्याच समजुतीने माळावर रोपे लावण्यास खड्डे खणले जातात, आणि तणमोराला गवतावरून दूरवर दिसणारे मोकळे क्षितिज त्या झाडांआड बुजून जाते.