मानसोल्लासांतील शिकारीच्या मांसाचें शोधन

चालुक्य नृपति सोमेश्वर भूलोकमल्ल याच्या मानसोल्लासाकडे मराठी अभ्यासक वळतो तो बहुधा गीतविनोदांतील मराठी पद्यपंक्तींसाठीं. शके १०५१ (इ. स. ११२९) च्या सुमारास कल्याणीच्या दरबारीं सिद्ध झालेल्या या संस्कृत ग्रंथांत आपल्या भाषेचे शब्द सांपडतात, म्हणून तेवढीं पानें पुनःपुन्हां उलटलीं जातात आणि बाकीचा ग्रंथ मिटून ठेवला जातो. अन्नभोगाच्या अध्यायांतील मांसपाकाचे श्लोक तर वाचकास अवघडल्यासारखें वाटून वगळले जातात, किंवा गंमत म्हणून उद्धृत होतात. या श्लोकांची आमच्या मतें योग्य ती परीक्षा झालेली नाहीं. ती अंशतः येथें करण्याचा विचार आहे.

प्रथम ग्रंथाची मांडणी ध्यानांत घेतली पाहिजे. पांच विंशति, प्रत्येकींत वीस अध्याय, असे शंभर अध्याय. अन्नभोग हा तिसऱ्या विंशतींत, म्हणजे राजाच्या उपभोगांत येतो. मृगयाविनोद, श्येनविनोद, सारमेयविनोद व मत्स्यविनोद हे चौथ्या विंशतींत, म्हणजे करमणुकींत येतात. शिकार एका ठिकाणीं आणि पाक दुसऱ्या ठिकाणीं, अशी ही विभागणी आहे. जनावर पडल्यापासून तें चुलीवर चढेपर्यंत जें घडतें त्याला ग्रंथांत स्वतंत्र अध्याय नाहीं. लोंव काढणें, पोट फाडणें, आंतडीं वेगळीं करणें, धुणें हीं कामें राजाच्या उपभोगांतही बसत नाहींत आणि विनोदांतही बसत नाहींत. तीं ज्यांच्या हातांनीं होतात त्यांचा ग्रंथकारास उल्लेखही करावासा वाटला नाहीं. तथापि तीं कामें ग्रंथांतून नाहींशीं झालेलीं नाहींत. पाककृतीच्या आरंभीं, मसाला व फोडणी यांच्या आधीं, तीं दोन-चार श्लोकांत दडून बसलीं आहेत.

वराहाचें उदाहरण घेऊं. त्याचे केंस काढण्याचे दोन मार्ग ग्रंथांत सांगितले आहेत. एक, जनावर पांढऱ्या वस्त्रानें झांकून वर कढत पाणी ओतीत राहावें, केंस हातानें सुटूं लागेपर्यंत. दुसरा, अंगास माती लिंपून तृणाग्नीनें भाजावें. सामान्य वाचक हे दोन मार्ग म्हणजे केवळ पर्याय समजतो. ‘वा’ आला कीं वाटेल तें करावें, इतकाच अर्थ घेतो. आमच्या मतें हे दोन मार्ग दोन स्थळांचे आहेत. पहिल्यास मोठें भांडें, पुष्कळ सर्पण, भरपूर पाणी व स्वच्छ वस्त्र लागतें. तो मुदपाकखान्याचा मार्ग होय. दुसऱ्यास ओढ्याकांठची माती आणि वाळलें गवत पुरतें. हीं दोन्ही रानांत पावलापावलास मिळतात. ज्याच्यापाशीं कढई नाहीं त्याचा तो मार्ग आहे.

वस्त्राचें प्रयोजनही सहज लक्षांत येत नाहीं. डुकराचे केंस मुळांतून ढिले होण्यास साधारण ६० ते ६५ अंशांचें पाणी हवें. त्याहून फार कढत पाणी कातडीवर पडलें तर कातडीच शिजते, केंस तींत घट्ट बसतात आणि मग ते खरडल्याशिवाय निघत नाहींत. उघड्या अंगावर ओतलेलें पाणी क्षणांत ओघळून जातें. वस्त्र घातलें म्हणजे उकळत्या पाण्याचा पहिला चटका तें घेतें, ऊब धरून ठेवतें व ती सर्वत्र सारखी पोंचवितें. लेखनिकानें अलंकारासाठीं ‘श्वेत’ वस्त्र घातलें असें म्हणावयाचें असल्यास म्हणावें. परंतु वस्त्र स्वतः अलंकार नव्हे. मातीचेंही तसेंच आहे. मातीचा लेप कातडीला करपूं देत नाहीं, आणि भाजून वाळला म्हणजे केंसांसह सुटतो.

यापेक्षांही बोलकें उदाहरण लहान शिकारीचें आहे, आणि तेंच लोकांस हंसूं आणतें. शेतांत व नदीकांठीं उपजणारे काळे, बळकट उंदीर, ज्यांना ग्रंथांत ‘मैगा’ असें नांव आहे, त्यांची कृति सोमेश्वरानें दिली आहे. शेंपटीस धरून ते तप्त तेलांत लोंव निघेपर्यंत धरावे. नंतर ऊन पाण्यानें धुवावे. नंतर पोट चिरावें. आंतील भाग आंवळा व मीठ घालून शिजवावा. किंवा लोखंडी सळईवर टोंचून लाल निखाऱ्यावर वरची कातडी जळेपर्यंत अगर आक्रसेपर्यंत भाजावे, आणि चांगले शिजल्यावर मीठ, जिरें व सुंठ भुरभुरावी.

येथें क्रम पाहण्यासारखा आहे: आधीं लोंव, मग धुणें, मग पोट. हा क्रम ज्यानें सांगितला त्यानें काम होतांना जवळून पाहिलें आहे, असें आम्हांस वाटतें. लहान जनावराचें पोट आधीं फाडलें तर त्याचे बारीक केंस ओल्या मांसास चिकटतात, आणि मग कितीही धुतलें तरी ते पुरते निघत नाहींत. कातडी अखंड असतांना लोंव काढली, तर मांसाला केंस लागत नाहीं आणि तेलही पोटांत शिरत नाहीं. सशाची गोष्ट वेगळी. त्याचें कातडें अंगरख्यासारखें ओढून काढतां येतें, म्हणून तेथें भाजण्याचें कारण पडत नाहीं. पक्ष्याची पिसें अंग उबदार आहे तोंच उपटलीं तर सुलभ निघतात. उंदराचें कातडें पातळ, अंगास चिकटलेलें आणि जनावर इतकें लहान कीं सोलण्याचा खटाटोप मांसाच्या मानानें जास्त. तेव्हां कातडी ठेवून लोंव घालविणें हाच शहाणपणाचा मार्ग, आणि ग्रंथानें तोच सांगितला आहे.

शेंपटीस धरण्याची सूचनाही निरर्थक नाहीं. आज आपणांस ठाऊक आहे कीं उंदराच्या मूत्रांतून लेप्टोस्पायरोसिसचे जंतु पसरतात आणि हातावरील जखमेवाटे शरीरांत शिरतात. पावसाळ्यांत कोंकणांत या रोगाचा उपद्रव परिचयाचा आहे. सोमेश्वराच्या काळीं जंतूंची कल्पना नव्हती, व ती त्याच्यावर लादण्याची आमची इच्छा नाहीं. इतकेंच म्हणतों कीं, अंगास हात न लावतां, आधीं उष्णतेखालून काढून, मग धुवून, मग चिरणें ही रीति अनुभवानें घडलेली आहे.

यावर एक आक्षेप संभवतो. कढईभर तप्त तेल रानांत कोठून यावें? हा आक्षेप आम्हांस मान्य आहे. किंबहुना तोच आमच्या मताला बळकटी देतो. तेलाची रीति राजगृहाची आहे. परंतु लगेच तिच्यापुढें ‘किंवा’ म्हणून निखाऱ्याची रीति येते, आणि तिला विस्तव व सळई यांपलीकडे कांहीं लागत नाहीं. वराहाच्या बाबतींत जें युग्म दिसलें तेंच येथें पुन्हां दिसतें: एक रीति वाड्यांतली, एक रानांतली. मात्र प्रत्येक प्राण्यास असें युग्म लावतां येत नाहीं हेंही सांगितलें पाहिजे. कांसव ज्वाळेवर भाजून मग त्याचे पाय व कवच काढावें असें ग्रंथ म्हणतो. तेथें दुसरा मार्ग नाहीं, कारण कवचापुढें पाण्याचा उपाय चालत नाहीं. शिवाय ग्रंथकार स्वतः कोठेंही ‘ही रीति वनांतली’ असें म्हणत नाहीं. आमचें अनुमान साधनांवरून केलेलें आहे, शब्दावरून नव्हे; वाचकानें त्याला तेवढेंच वजन द्यावें.

इतर शास्त्रांकडे पाहिलें तर शोधनाची निकड कशामुळें होती तें कळतें. कौटिलीय अर्थशास्त्रांतील सूनाध्यक्षाच्या प्रकरणांत ताज्या मारलेल्या पशूचें अस्थिरहित मांस विकावें असें सांगून, सूनागृहाबाहेर मारलेलें, डोकें-पाय-हाडें नसलेलें, दुर्गंधि सुटलेलें व आपोआप मेलेल्या जनावराचें मांस विकण्यास मनाई केली आहे. डोकें व पाय नसले तर प्राणी कोणता हें ओळखतां येत नाहीं, हा त्यांतील व्यावहारिक हेतु उघड आहे. सुश्रुतानें कुजलेल्या, रोगी, सर्पदष्ट व विषदिग्ध बाणानें विंधलेल्या प्राण्याचें मांस वर्ज्य म्हटलें आहे. वाग्भटानें तत्काळ मारलेल्या, शुद्ध व ऐन वयाच्या प्राण्याचें घ्यावें असें सांगितलें आहे. या सर्वांचा रोंख एकच, तो म्हणजे वेळ. उष्ण प्रदेशांत जनावर पडल्यावर सर्वांत आधीं पोट बिघडतें. आंतड्यांतील घाण मांसांत उतरते. चिरतांना पित्ताशय फुटलें तर मांस कडू होतें, मूत्राशय फुटला तर वास जात नाहीं. जनावर जितकें लहान तितकी पोटाची घाण मांसाजवळ, आणि म्हणून घाई अधिक. वैद्यानें ‘सद्योहत’ म्हटलें, अधिकाऱ्यानें ‘विगंध’ म्हटलें. हातानें काय करावें तें मात्र सोमेश्वराच्याच ग्रंथांत, आणि तेंही ओझरतें, मिळतें.

आतां या श्लोकांच्या आधुनिक वाचकांविषयीं. श्री. गो. क. श्रीगोंदेकर यांनीं गायकवाड प्राच्यग्रंथमालेंत या ग्रंथाचे भाग १९२५, १९३९ व १९६१ या वर्षीं प्रसिद्ध केले. अन्नभोग दुसऱ्या भागांत आहे. संहिता हातीं देण्याचें अवघड काम त्यांनीं केलें, आणि त्याबद्दल अभ्यासक त्यांचे ऋणी आहेत. राहिलें तें भाष्य, आणि तें करणें नंतरच्यांचें काम होतें. त्यांनीं काय केलें? खाद्येतिहासाच्या लोकप्रिय लेखनांत मानसोल्लास येतो तो पदार्थांच्या नांवांची यादी म्हणून, आणि उंदराचा श्लोक येतो तो आश्चर्य म्हणून. राजा उंदीर खात होता, एवढें सांगून लेखक पुढें जातो.

या हंसण्यांत एक अन्याय आहे, आणि त्यासाठींच हा लेख लिहिण्याची आम्हांस गरज वाटली. रायगड-ठाण्याकडील कातकरी शेतांतील उंदीर बिळें खणून धरतात व खातात, यावरून त्यांस शतकानुशतकें हिणविलें गेलें आहे. बिहारांतील मुसहरांचें तर नांवच त्यावरून पडलें. ज्या समाजानें त्यांना हीन ठरविलें, त्याच समाजाच्या चक्रवर्ती म्हणविणाऱ्या राजानें आपल्या उपभोगांच्या विंशतींत, मिष्टान्नांच्या शेजारीं, त्याच अन्नास मानाचें स्थान दिलें आहे. हा श्लोक गंमत म्हणून वाचणें म्हणजे पुरावा हातांत असून साक्ष न घेणें होय. निखाऱ्यावर उंदीर भाजण्याची रीति या लोकांत आहे. तिचा क्रम ग्रंथाच्या क्रमाशीं ताडून पाहणें हें संहितेच्या अर्थनिर्णयाचें साधन आहे; आणि तें कोशांत सांपडणार नाहीं. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें रानांतील शिकार बंद केली, व ती बंदी योग्यच आहे. परंतु हाताची विद्या हात थांबल्यावर फार दिवस टिकत नाहीं. मानसोल्लासाच्या पुढील संपादकानें पंडितांबरोबरच अशा जाणत्या वृद्धांसही हे श्लोक समजावून सांगून विचारावें, अशी आमची सूचना आहे.

दुसरी सूचना संग्राहकांस आहे. मांडूच्या सुलतानांच्या निमतनाम्याची सचित्र पोथी, सुमारें इ. स. १४९५ ते १५०५ या काळांतली, लंडनच्या ब्रिटिश लायब्ररींत सुरक्षित राहिली ती तिच्या ५० चित्रांमुळें. तींत शिकारीस जातांना काय सिद्धता असावी याचाही विचार आहे. आपल्याकडील पाकाचीं बाडें चित्रांवांचून असतात, तेल-हळदीनें डागाळलेलीं असतात, आणि म्हणून रद्दींत जातात. मराठेशाहींतील अठरा कारखान्यांत शिकारखाना वेगळा आणि मुदपाकखाना वेगळा; सोमेश्वराच्या दोन विंशतींप्रमाणेंच येथेंही एकाच जनावराचा कागद दोन रुमालांत विभागलेला असणार. अशीं मोडी बाडें ज्यांच्यापाशीं असतील त्यांनीं दोन्ही खात्यांचे खर्च तारीखवार शेजारीं मांडून पाहावे: कोणत्या दिवशीं शिकार आली, त्या दिवशीं सर्पण, मीठ, तेल व मडकीं किती लागलीं, आणि मजुरी कोणाच्या नांवें पडली. शोधनाचें काम करणाऱ्या माणसाचें नांव मानसोल्लासांत नाहीं. तें कोठें मिळालेंच, तर अशा एखाद्या डागाळलेल्या कागदावर, मजुरीच्या कलमाखालीं मिळेल.