उपदेश, जाहिरात आणि वाक्याचा कर्ता

मम्मटाने ‘काव्यप्रकाशा’त उपदेशाचे तीन प्रकार मानले आहेत. वेद प्रभूप्रमाणे आज्ञा करतात, इतिहास-पुराणे मित्राप्रमाणे समजावून सांगतात आणि काव्य कांतेप्रमाणे मन वळविते. प्रभुसंमित, सुहृत्संमित व कांतासंमित या त्रयीचा विचार आजवर बहुधा काव्यप्रयोजनाच्या अंगानेच झाला. परंतु तिच्यात आणखी एक गृहीत दडलेले आहे. प्रभू असो, मित्र असो की कांता, बोलणारे कोणीतरी समोर आहे आणि आपल्या बोलण्याला ते बांधलेले आहे. अरिस्टॉटलनेही वक्त्याच्या शीलाला मन वळविण्याचे एक प्रमुख साधन मानले, ते याच गृहीतावर. मित्राचा स्वर कायम ठेवून मित्रच नाहीसा झाला, तर त्या वाणीचे स्वरूप काय राहील?

या प्रश्नाचा अभ्यास करण्यास जालना जिल्ह्याइतके सोयीचे क्षेत्र महाराष्ट्रात क्वचितच सापडेल. आजच्या घनसावंगी तालुक्यातील जांब येथे 1608 साली समर्थ रामदासांचा जन्म झाला. मराठीतील उपदेशपर वाणीचा सर्वांत विस्तृत व सर्वांत आत्मविश्वासपूर्ण आविष्कार म्हणजे ‘दासबोध’. याच परिसरात, जालना शहरी, 1964 साली बद्रीनारायण बारवाले यांनी महाराष्ट्र हायब्रीड सीड्स कंपनी, म्हणजेच ‘महिको’, स्थापन केली. पुढे जालना हे संकरित बियाण्यांच्या व्यापाराचे देशातील एक मोठे केंद्र झाले आणि बारवाले यांना 1998 साली जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. उपदेशकाची भूमी आणि बियाण्याच्या जाहिरातीची भूमी येथे एकच आहे. हा योगायोग खरा; पण तुलनेला तो उपकारक आहे.

‘दासबोधा’चा पहिला समास या दृष्टीने पुन्हा वाचण्याजोगा आहे. तेथे श्रोते विचारतात की हा ग्रंथ कोणता, यात काय सांगितले आहे आणि तो ऐकल्याने काय लाभेल. तिसरा प्रश्न उघडच फलश्रुतीचा, म्हणजे ग्राहकाचा आहे, आणि रामदास त्याला संकोच न करता उत्तर देतात. ग्रंथातील विषयांची यादी देतात, आधारभूत ग्रंथांची नावे सांगतात, लाभ सांगतात. जाहिरातीची सारी अंगे येथे आहेत. इतकेच नव्हे, तर संपूर्ण ग्रंथ न पाहता त्याला दूषण देणाऱ्याची संभावना ते अत्यंत कठोर शब्दांत करतात. शंकेखोराचे तोंड आधीच बंद करण्याची ही युक्ती निर्दोष नाही आणि समर्थभक्त टीकाकारांनी तिच्याकडे सोयीस्कर दुर्लक्ष केले आहे. तथापि या कठोरपणातच एक अट मान्य केलेली आहे, ती अशी की पूर्ण पाहा, मग बोला.

दुसऱ्या दशकाच्या आरंभीचे ‘मूर्खलक्षण’ आणखी बोलके आहे. रामदास तेथे श्रोत्याला मूर्ख म्हणत नाहीत. असे असे जो वागतो तो मूर्ख, अशी तृतीय पुरुषी वाक्ये ते एकामागून एक रचतात. श्रोता आपणहून त्या यादीत स्वतःला शोधतो, आणि विधान खरे की खोटे याची परीक्षा त्याला तत्क्षणी, बसल्या जागी करता येते. परीक्षेची सामग्री त्याच्याच आचरणात आहे.

बियाण्याची जाहिरातही तृतीय पुरुषाचाच आश्रय घेते. अमुक गावच्या शेतकऱ्याने एकरी इतके क्विंटल घेतले, असे ती सांगते आणि शेजारी कापसाने लवलेल्या झाडाचे व हसऱ्या शेतकऱ्याचे चित्र असते. रचना सारखी, परिणाम मात्र भिन्न. न्यायशास्त्राच्या भाषेत हा व्याप्तीविना दिलेला दृष्टांत होय. जमीन काळी कसदार की मुरमाड, पाणी विहिरीचे की केवळ पावसाचे, खत किती, फवारण्या किती, या विशेषणांवाचून क्विंटलांचा आकडा निराधार राहतो. अंबड-घनसावंगीकडील कालव्याखालचे रान आणि भोकरदन-जाफराबादकडील कोरडवाहू रान यांना एकच आकडा लागू होईल कसा? शिवाय परीक्षा तत्काळ होत नाही. साबण वाईट निघाला तर आठवड्यात कळते व दुसरा घेता येतो. सरकीचा खोटेपणा बोंडे धरण्याच्या वेळी कळतो, आणि तोवर हंगाम व कर्ज ही दोन्ही अंगावर आलेली असतात.

आता वाक्यरचनेकडे वळावयाचे. पाकिटांवर व गावच्या भिंतींवर टपोरे बोंड, वेचणीस सोपे, भरघोस उत्पादन अशा जातीचे पदबंध आढळतात. त्यांत क्रियापद नाही. क्रियापद नाही म्हणून काळ नाही, पुरुष नाही, आणि म्हणून वचन देणाराही नाही. मराठीत अशी क्रियापदहीन रचना मुख्यतः म्हणींची असते. ‘नाव मोठे, लक्षण खोटे’ हे कोणी एकाचे मत नसून लोकानुभव म्हणून ऐकले जाते. या शहराच्या समृद्धीविषयी रूढ असलेले ‘जालना, सोने का पालना’ हे वचनही यमकाच्या बळावर असेच सिद्धवत वाटते. जाहिरात म्हणीचे हे सर्वमान्यत्व उसने घेते आणि म्हणीमागचा अनुभव मात्र मागे ठेवते.

त्याच पाकिटावर दुसरी एक भाषा असते, ती कायद्याची. 1966 च्या बियाणे अधिनियमाने अधिसूचित वाणांसाठी उगवणीचे व शुद्धतेचे किमान प्रमाण वेष्टनावर सांगणे बंधनकारक केले. बारीक अक्षरांतील, रूक्ष, आकड्यांची ही भाषा प्रभुसंमित होय, आणि तिचा कर्ता निश्चित आहे. पण ती उगवणीशी थांबते. उत्पन्नाविषयी ती काहीच बोलत नाही. उगवणीपासून वेचणीपर्यंतचा सारा प्रदेश कर्तृहीन पदबंधांच्या ताब्यात जातो.

या पदबंधांचे महत्त्व वाढण्यास किमतीचेही कारण आहे. 2015 च्या केंद्रीय आदेशाने बीटी कापसाच्या बियाण्याची कमाल किंमत देशभर एक झाली. 2016 च्या हंगामात बोलगार्ड-2 च्या 450 ग्रॅमच्या पाकिटाला ती 800 रुपये होती. भाव वाढवून आपल्या वाणाचे श्रेष्ठत्व सुचविण्याचा मार्ग असा बंद झाला की चढाओढ नावांत व शब्दांत उतरणारच. सुरतेच्या संशोधन केंद्रातून 1970 साली आलेल्या पहिल्या संकरित कापसाचे नाव नुसते ‘एच-4’ होते. पुढे ‘मल्लिका’, ‘जादू’ अशी नावे बाजारात आली. क्रमांक प्रयोगशाळेचा स्वर आणतो, ‘जादू’ मात्र कारणमीमांसेचीच गरज उरू देत नाही.

सर्वांत विचारार्ह नाव ‘बोलगार्ड’ हे आहे. इंग्रजीत त्याचा अर्थ बोंडाचा रक्षक. कर्ता लपविणाऱ्या या भाषेत कर्तृवाचक शब्द आला तो येथे, आणि तो कर्ता कंपनी नव्हे, बियाणे. 2002 साली या तंत्राच्या वाणांना परवानगी मिळाली, 2006 साली दुसरी पिढी आली. गुलाबी बोंडअळीने दोन्हींविरुद्ध प्रतिकारशक्ती मिळविली आणि 2017 च्या खरिपात महाराष्ट्रातील कापसाचे अतोनात नुकसान झाले. नाव मात्र तेच राहिले. नामाला काळ नसतो. वाक्य असते तर ‘रक्षण करीत असे’ असा भूतकाळ करणे भाग पडले असते.

कर्ता पुसण्याचा सर्वांत ठळक नमुना जिल्ह्याबाहेरचा आहे, पण त्याचा धागा जालन्यापर्यंत येतो. यवतमाळ जिल्ह्यातील भांबराजा व अंतरगाव येथे बीटी कापसाने समृद्धी आणल्याचा मजकूर ‘टाइम्स ऑफ इंडिया’त 2008 साली वार्ता म्हणून आला. तोच 2011 साली महिको-मोन्सँटो बायोटेकच्या, म्हणजे महिको ज्यात भागीदार आहे त्या कंपनीच्या, जाहिरातीत पुन्हा छापला गेला. पी. साईनाथ यांनी 2012 साली ‘द हिंदू’त हे उघडकीस आणले, भांबराजाच्या गावकऱ्यांनी त्यांना सांगितलेली हकीकत या मजकुराशी जुळणारी नव्हती. शब्द तेच आणि बोलणारा निराळा, अशा स्थितीत केवळ शब्दांचे विश्लेषण करणारी अलंकारमीमांसा हतबल ठरते. अलंकार पाहण्याआधी वाक्याचा कर्ता पाहावा लागतो.

रामदासांनी आपल्या कठोर वाक्यांखाली आपले नाव ठेवले. दर खरिपाच्या तोंडावर कृषी विभाग शेतकऱ्यांना सांगतो की पावती, पिशवी, खूणचिठ्ठी आणि पाकिटातील थोडे बियाणे जपून ठेवा. तक्रारीत उपयोगी पडते ते एवढेच. भिंतीवरची अक्षरे पुढील हंगामापूर्वी चुन्याखाली जातात आणि तिथेच नव्या वाणाचे नाव रंगविले जाते.