नाव आणि प्रतिमा : १८००च्या एका स्त्रीचित्राविषयी

व्यक्तिचित्र या कलाप्रकारात एक करार गृहीत धरलेला असतो. चित्रविषय झालेली व्यक्ती कोणी ‘अमुक’ असते. तिला नाव, घराणे, दर्जा असतो आणि चित्रकार त्याची साक्ष देतो. हा करार किती काटेकोर होता, हे १७८३ मध्ये दिसले. एलिझाबेथ व्हिजे ल ब्रँ हिने अकादमीच्या ‘सलाँ’ या प्रदर्शनात राणी मारी आंत्वानेतला साध्या मलमलीच्या झग्यात दाखवले. ही तर अंतर्वस्त्रेच, अशी ओरड झाली. चित्र उतरवून तेथे रेशमी पोशाखातली राणी टांगावी लागली.

सतरा वर्षांनी, १८००च्या सलाँत, व्हिजे ल ब्रँ व दाविद या दोघांचीही शिष्या असलेल्या मारी-गिएमिन बन्वा हिने एका कृष्णवर्णीय स्त्रीचे चित्र मांडले. शीर्षक होते ‘एका निग्रो स्त्रीचे व्यक्तिचित्र’. या शीर्षकातच विसंगती आहे : व्यक्तिचित्र म्हणायचे आणि व्यक्तीऐवजी वंश सांगायचा. बसलेली स्त्री बन्वाच्या दिराने ग्वादलूपहून आणलेली घरकामाची नोकर होती. वसाहतींतील गुलामी फ्रान्सने १७९४ मध्ये रद्द केली होती; १८०२ मध्ये नेपोलियनने ती पुन्हा लागू केली. चित्र या दोहोंमधले आहे. शुभ्र वस्त्र, निळी शाल, कमरेची तांबडी फीत यांत क्रांतीचे तीन रंग पाहून त्याला मुक्तीचे रूपक ठरवणारे वाचन त्यामुळेच रूढ झाले.

हे वाचन मला अपुरे वाटते. उघडे वक्ष हा रूपकात्मक आकृतीचा संकेत खरा. पण रूपकाला चेहरा नसतो, निदान इतका विशिष्ट, इतका सावध चेहरा नसतो. ही स्त्री पाहणाऱ्याकडे सरळ पाहते आणि त्याला काहीही देऊ करीत नाही. एकाच पटावर दोन कलाप्रकार भांडत आहेत, आणि चित्राची ताकद त्या भांडणात आहे. त्याच वर्षी दाविदने आरंभलेले मादाम रेकामिएचे चित्र शेजारी ठेवून पाहावे. तेही श्वेतवस्त्रातले, अनवाणी. ते अपूर्ण राहिले, आणि रेकामिएने पुढे जेरारकडून दुसरे काढवून घेतले. चित्रकार बदलण्याची ही मुभा बन्वाच्या खुर्चीत बसलेल्या स्त्रीला नव्हती.

२०१९ मध्ये पॅरिसच्या ऑर्से संग्रहालयातील कृष्णवर्णीय मॉडेलविषयक प्रदर्शनात चित्राला ‘मादलेनचे व्यक्तिचित्र’ हे नाव मिळाले. करार दोन शतकांनी पुरा झाला म्हणावे, तर मिळाले ते केवळ पहिले नाव : आडनावाविना, नोकरांना हाक मारावी तसे. अर्थात नाव न देणारीचे स्वतःचे नाव तरी कितपत स्वतंत्र होते? बन्वाची सही माहेरच्या ‘लाव्हिल-लरू’ या आडनावाने सुरू होते आणि ‘बन्वाची पत्नी’ अशा अर्थाच्या आद्याक्षराने संपते. चार वर्षांनी, १८०४च्या नागरी संहितेने पत्नीला पतीची आज्ञा पाळणे बंधनकारक केले. राजेशाही परतल्यावर पतीला उच्च शासकीय पद लाभले, आणि प्रतिष्ठेखातर तिला सलाँत चित्रे मांडणे थांबवावे लागले. अठराव्या लुईने १८१८ मध्ये राज्यासाठी हे चित्र विकत घेतले, तेव्हा चित्रकर्ती सार्वजनिक कलाजीवनातून केव्हाच बाहेर पडलेली होती.