डिट्टो आणि इतर अनियमित

इटालियन भाषेच्या व्याकरणाच्या पुस्तकात शेवटी शेवटी अनियमित क्रियापदांचा एक तक्ता असतो. कादंबऱ्यांची परीक्षणं होतात, कवितासंग्रहांची होतात, दिवाळी अंकांची तर अंक न उघडताही होतात. पण या तक्त्याचं परीक्षण कुणी केलेलं माझ्या पाहण्यात नाही. वास्तविक इतकी पात्रं, इतके काळ आणि इतके अर्थ एका जागी कोंबणारं दुसरं लिखाण मिळणं कठीण. तेव्हा हे काम मी अंगावर घेतलं आहे. अधिकार काय म्हणाल तर मी बी.कॉम. आहे आणि बँकेत कारकून आहे. रकाने वाचण्यात हयात चालली आहे.

शिवाय आमच्या धंद्याचं आणि या भाषेचं नातं जुनं. 'बँक' हा शब्द मुळात त्यांच्या 'बांको'चा, म्हणजे सराफाच्या बाकड्याचा. डेबिट-क्रेडिटची दुहेरी नोंद छापील पुस्तकातून पहिल्यांदा सविस्तर समजावून सांगितली ती लुका पाचोली या इटालियन साधूने, १४९४ साली, व्हेनिसमध्ये. (साधूला जमाखर्चाचं काय पडलं होतं, असं आपल्याकडे तरी कुणी विचारणार नाही.) आणि एकाखाली एक तीच नोंद आली की आपण 'डिट्टो' म्हणतो, तेही त्यांचंच. 'दीरे' म्हणजे सांगणं. त्याचं भूतकाळी धातुसाधित 'देत्तो', म्हणजे 'सांगितलेलं'. टस्कनीच्या बोलीत तेच 'दित्तो'. गंमत अशी की हे 'दीरे' अनियमित क्रियापदांच्या यादीतलं. ज्या शब्दाने आपण 'वरीलप्रमाणेच' असं लिहितो, तो शब्द स्वतः वरीलप्रमाणे चालत नाही.

आता तक्त्याकडे. प्रथमदर्शनी डोळ्यांत भरतो तो पसारा. स्वार्थाचे काळ आठ. मराठी व्याकरणकारांनी या अर्थाला 'स्वार्थ' हे नाव का दिलं ते मला शाळेत कळलं नव्हतं. सगळ्यात जास्त काळ त्यातच जातो, हे आता पटतं. 'कोंजुन्तीवो' नावाचा एक अर्थ आहे, त्याचे काळ चार. हा आपल्या विध्यर्थाचा लांबचा चुलतभाऊ. शंका, इच्छा, भीती, आशा असं जे जे अजून घडलेलं नाही किंवा घडलं की नाही याची खात्री नाही, ते सगळं याच्याकडे. मग संकेतार्थाचे दोन, आज्ञार्थाचा एक, आणि ज्यांना कर्त्याची पर्वाच नाही अशा तीन प्रकारांचे प्रत्येकी दोन. एकूण एकवीस. त्यांना सहा पुरुषांनी गुणा, आज्ञार्थातून 'मी' वजा करा (स्वतःला हुकूम सोडून तो पाळणारा माणूस इटलीतही नसावा), की एका क्रियापदाची पंच्याण्णव रूपं होतात. मी दोनदा मोजली.

नायक अर्थातच 'एस्सेरे', म्हणजे असणं. 'मी आहे' याला 'सोनो' आणि 'ते आहेत' यालाही 'सोनो'. 'मी होतो' म्हणायचं तर 'एरो', दूरच्या भूतकाळात 'फुई', भविष्यात 'सारो'. चार काळांत चार तोंडं. एवढं करून याला स्वतःचं भूतकाळी धातुसाधित नाही. ते 'स्तारे', म्हणजे थांबणं-राहणं, या शेजाऱ्याकडून 'स्तातो' उसनं आणतं. जगातलं सगळं असणं ज्याच्या नावावर, त्याला 'असलेलं' म्हणायला शेजाऱ्याच्या दारात जावं लागतं! 'आन्दारे' म्हणजे जाणं. त्याचं 'मी जातो' होतं 'वादो', 'आपण जातो' होतं 'आन्दियामो'. एकेकाळची दोन वेगळी क्रियापदं इथे एकाच खात्यावर संयुक्त नावाने नांदतात. कोणत्या रूपावर कोणाची सही चालायची हे ठरलेलं.

इथे तक्ता रंगतो. पण इथेच त्याचा पहिला दोष दिसतो: तो माणसं दाखवतो, कुळी सांगत नाही. 'बेरे' म्हणजे पिणं. 'मी पितो' याला 'बेवो'. हा 'व' कुठून आला? तक्ता गप्प. खरी हकीकत अशी की या क्रियापदाचं जुनं नाव 'बेवेरे'. कालांतराने नाव झिजलं, रूपं तशीच राहिली. 'दीरे' हे लॅटिनमधलं 'दीकेरे', म्हणून 'दीको'. 'फारे', म्हणजे करणं, हे 'फाकेरे', म्हणून 'फाच्चो'. खातेदाराने नाव बदललं आणि सही मात्र जुन्याच नावाची चालू ठेवली, असं हे प्रकरण आहे. आम्ही अशा वेळी केवायसीचा कागद मागतो आणि गॅझेटची प्रत जोडून घेतो. तक्ता मात्र सरळ 'अनियमित' असा शिक्का मारून मोकळा होतो. अहो, रूपं नियमित आहेत. नावात फरक आहे!

दूरच्या भूतकाळाचंही तेच. 'स्क्रीवेरे' म्हणजे लिहिणं. त्याची सहा रूपं अशी: स्क्रीस्सी, स्क्रिवेस्ती, स्क्रीस्से, स्क्रिवेम्मो, स्क्रिवेस्ते, स्क्रीस्सेरो. पहिलं, तिसरं आणि सहावं वाकडं. बाकीची तीन सरळ. अशी वाकडी क्रियापदं ढिगाने आहेत आणि बहुतेक सगळी याच तीन ठिकाणी वाकतात. कारण आघाताचं आहे. या तीन रूपांत जोर धातूवर पडतो आणि तो धातू पिळवटतो. उरलेल्या तिघांत जोर प्रत्ययावर जातो आणि धातू सुखरूप सुटतो. एका ओळीत सांगता येण्याजोगी गोष्ट. तक्ता पानंच्या पानं खर्चतो, पण ती ओळ लिहीत नाही.

आणि जे वापरात आहे व जे नाही, त्यांना एकाच टायपात छापतो. मिलानकडचा माणूस आजोबांच्या लग्नाबद्दल बोलतानाही जवळचाच भूतकाळ वापरतो. दूरचा तो पुस्तकात वाचतो. सिसिलीत सकाळी घडलेल्या गोष्टीलाही दूरचा भूतकाळ चालतो. या दूरच्याच्याही पलीकडे एक काळ आहे, तो बोलताना जवळजवळ कुणी काढत नाही. पण तक्त्यात त्याला सहा रकाने सन्मानाने दिलेले. वर्षानुवर्षं व्यवहार नसलेली खाती आम्ही निदान वेगळी तरी काढतो.

पण माझा खरा आक्षेप एका रकान्याबद्दल आहे. तो रकाना म्हणजे अहो-जाहोचा. मराठीत आपण एकाला आदराने अनेक करतो. इटालियनमध्ये समोरच्या साहेबाला 'लेई' म्हणतात. 'लेई' म्हणजे 'ती'. साहेबाला मिशा असल्या तरी 'ती'. आणि या 'ती'ला आज्ञार्थाने सांगत नाहीत. तिथे कोंजुन्तीवो येतो. म्हणजे 'या' नाही, 'यावं'. 'बसा' नाही, 'बसावं'. हे आपल्याला नवं नाही. आमची प्रत्येक सर्क्युलर 'नोंद घ्यावी' अशी संपते.

आता नियम असा: 'पार्लारे', म्हणजे बोलणं, (आपल्या पार्ल्याशी संबंध नाही, तिथे बोलणं पुष्कळ असलं तरी) याच्या जातीची, 'आरे'ने संपणारी क्रियापदं इथे 'ई' घेतात: 'पार्ली', म्हणजे बोलावं. बाकीची 'आ' घेतात. 'आन्दारे' आणि 'फारे' दोन्ही 'आरे'ने संपतात. नियमाने काय व्हावं? 'वादी' आणि 'फाच्ची'. प्रत्यक्षात काय होतं? 'वादा' आणि 'फाच्चा'. जो 'वादी' म्हणेल तो हरला.

हरलेल्या या माणसाचं नाव फान्तोत्सी. पाओलो व्हिलाज्जो यांचं त्याच्यावरचं पहिलं पुस्तक १९७१ सालचं. १९७५ साली लुचानो साल्चे यांनी चित्रपट काढला, नायकाच्या भूमिकेत व्हिलाज्जो स्वतः. १९९९ पर्यंत असे दहा चित्रपट निघाले. फान्तोत्सी एका अवाढव्य कंपनीत हिशेबनीस आहे, आणि आदराने बोलायची वेळ आली की त्याच्या तोंडून 'वादी', 'फाच्ची', 'वेन्गी' असंच निघतं. एका प्रसंगात तो आणि त्याचा सहकारी टेनिस खेळतात. सहकारी त्याला चेंडू मारायला सांगताना 'बात्ती' म्हणतो. हे अरे-तुरेतलं रूप. फान्तोत्सी दचकून विचारतो, मला एकेरीत बोलताय? सहकारी म्हणतो, छे छे, आपल्यालाच म्हटलं. त्यावर फान्तोत्सी समाधानाने मान डोलावतो: अच्छा, कोंजुन्तीवो होय! सगळी इटली यावर हसली आहे आणि अजून हसते.

मीही हसलो. तरी समीक्षक म्हणून मला एक मुद्दा मांडायचा आहे. फान्तोत्सीला अडाणी समजणारे तक्ता वरवर वाचतात. अडाणी माणसाने सरळ आज्ञार्थ ठोकला असता आणि तो बरोबरही आला असता. हा माणूस आदर करायला जातो, त्यासाठी अवघड रूपाला हात घालतो, आणि हात घालताना नियमच पाळतो. आपलं मूल 'मी केलं' ऐवजी 'मी करलं' म्हणतं तेव्हा आपण त्याचा पापा घेतो. चाळिशीच्या कारकुनाचा पापा कुणी घेत नाही. शिवाय पंधराव्या-सोळाव्या शतकातल्या फ्लॉरेन्सच्या लेखनात अशीच रूपं सर्रास सापडतात. तेव्हाच्या पंडितांना ती शोभली, ती हिशेबनिसाला शोभत नाहीत.

आणि हसणारे तरी कोण? भाषाभ्यासक तुल्लियो दे माउरो यांनी १९६३ साली हिशेब मांडला की १८६१ साली इटली एक झाली तेव्हा शेकडा अडीच माणसांनाच इटालियन येत होतं. पुढे दुसऱ्यांनी तो आकडा दहाच्या आसपास नेला. तोच धरला तरी शंभरातल्या नव्वदांच्या घरी बोलीच होती. थिएटरात खदखदणाऱ्यांचे आजे-पणजे याच नव्वदांतले. हसू येतं ते आपण त्या रकान्यातून सुटून आलो या सुटकेचं.

आमच्या काउंटरवर एक अर्ज आला होता. एका म्हाताऱ्या गृहस्थांचा, वहीच्या पानावर, स्वतःच्या हाताने लिहिलेला. पत्नीचं निधन झालं होतं आणि तिचं खातं 'बंद करण्यात यावेत' अशी विनंती होती. खातं एकच, 'यावेत' अनेकवचनी. तो अर्ज चहाच्या वेळी टेबलाटेबलांवर फिरला. 'यावेत' कुठून आलं हे कुणी विचारलं नाही. मला वाटतं, 'यावे' त्यांना कमी पडलं असावं. बाई गेलेली, समोर बँक. तिथे आदर जितका घालता येईल तितका त्यांनी घातला. ते गृहस्थ समोरच्या बाकावर टोकन धरून बसले होते, आणि आमच्या बाजूचं हसू त्यांना ऐकू जाईल इतकं त्यांचं बाक जवळ होतं.

तक्त्याच्या पुढच्या आवृत्तीत त्या रकान्याखाली एक तळटीप घालावी, अशी माझी सूचना आहे: 'येथे चुकणाऱ्यास हसू नये, तो नियमाने आलेला आहे.' जागेची अडचण असेल तर दूरच्याच्या पलीकडचा तो काळ काढून टाकावा. सहा रकाने मोकळे होतील.

बाकी कागद बरा आहे, टाइप बारीक आहे. मुद्रणदोष आहेत की नाहीत, हे या प्रकारच्या तक्त्यात कळायला मार्ग नाही.